सिस्टर, डमीशी बोला!

मिल्टन कीन्स, इंग्लंड

इंग्लंडमध्ये नोकरीला आलेल्या भारतीय नर्सची पहिली मोठी परीक्षा खऱ्या पेशंटसमोर होत नाही. ती होते डमीसमोर, नाहीतर पेशंटचं सोंग घेऊन पलंगावर पडलेल्या माणसासमोर. या परीक्षेला इथे सगळे ‘ऑस्की’ म्हणतात. नर्सेसची नोंदणी करणाऱ्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलची, म्हणजे एनएमसीची, ही प्रात्यक्षिक परीक्षा. तिच्याआधीची कॉम्प्युटरवरची परीक्षा भारतात बसून देता येते, ऑस्कीसाठी मात्र इथे यावंच लागतं. नॉर्थम्प्टन, ऑक्सफर्ड, लीड्स अशी मोजकीच केंद्रं आहेत. 10 स्टेशनं, प्रत्येक ठिकाणी घड्याळ लावलेलं. फी 794 पौंड. बहुतेक हॉस्पिटलं पहिल्या वेळची फी भरतात, तरी तो आकडा ऐकूनच सिस्टर लोकांची झोप उडते. पास होईपर्यंत ‘रजिस्टर्ड नर्स’ म्हणवून घेता येत नाही, पगार खालच्या श्रेणीचा मिळतो, आणि व्हिसाची मुदत डोक्यावर असते ती वेगळीच.

आमच्या मिल्टन कीन्सपासून नॉर्थम्प्टन अर्ध्या तासावर. त्यामुळे इथल्या मराठी ओळखीपाळखीत दर काही महिन्यांनी कुणीतरी ‘ऑस्कीवाली’ असतेच. मी स्वतः सॉफ्टवेअर इंजिनिअर. रक्त बघितलं की मला घेरी येते. पण गेल्या दोन वर्षांत या मंडळींच्या तयारीसाठी मी इतक्या वेळा खोटी पेशंट झाले आहे, की आता घरात खरंच डोकं दुखत असलं तरी कुणी विश्वास ठेवत नाही.

यातल्या एक ताई मूळच्या मिरजेच्या. चौदा वर्षं आयसीयूत काढलेली. ज्युनिअर डॉक्टरला शीर सापडली नाही की हाक यांना. त्यांच्या सरावासाठी आमचा सोफा झाला बेड, मी पेशंट आणि माझा नवरा हातात गुणांचा तक्ता घेऊन परीक्षक. (हे तक्ते गुप्त नसतात, परीक्षा केंद्रंच ते सगळ्यांना उपलब्ध करून देतात.) पहिल्या फेरीत ताईंनी माझं बी.पी., नाडी, तापमान सगळं झटपट आणि बिनचूक बघितलं. तोंडातून एक शब्द नाही. नवऱ्याने गुण मोजले तर निम्म्याहून जास्त रकाने रिकामे!

कारण त्या तक्त्यात हाताच्या कामाइतकंच वजन बोलण्याला आहे. आधी हात धुवा. स्वतःचं नाव सांगा. पेशंटचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख त्याच्याच तोंडून वदवून घ्या आणि मनगटावरच्या पट्टीशी ताडून बघा. कशाची ॲलर्जी आहे का, विचारा. काय करणार ते सांगा, चालेल ना विचारा, मगच हात लावा. श्वास मोजायचे ते पूर्ण एक मिनिट, तीस सेकंद मोजून दुप्पट करायचे नाहीत. 10 पैकी 4 स्टेशनांमध्ये एकाच पेशंटची गोष्ट पुढे सरकते: तपासणी, काळजीचा आराखडा, औषध देणं आणि शेवटी हँडओव्हर. आणखी 4 ठिकाणी हाताची कामं, म्हणजे इंजेक्शन, कॅथेटर काढणं वगैरे. उरलेली 2 लेखी.

ताई वैतागल्या. बाहुलीला कसलं नाव-गाव विचारायचं, आमच्या वॉर्डात बेड नंबर बारा म्हटलं की सगळ्यांना कळायचं, असं त्यांचं म्हणणं. माझंही पहिलं मत हेच होतं, की हे इंग्रजी शिष्टाचाराचं नाटक आहे. पण बारा नंबरचा पेशंट रात्रीतून चौदाला हलवला आणि सकाळच्या सिस्टरला ते कुणी सांगितलंच नाही तर काय होतं, याचा किस्सा मग त्यांनीच सांगितला. तो इथे लिहीत नाही. त्यात कुणाला काही झालं नाही एवढंच सांगते.

डमीवर नर्सिंग शिकवणं ही काही कॉम्प्युटरच्या जमान्यातली कल्पना नाही. 1911 मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्ड हॉस्पिटलच्या नर्सिंग शाळेसाठी मार्था चेस या बाहुल्या बनवणाऱ्या बाईंनी माणसाएवढी बाहुली करून दिली. विद्यार्थिनी तिच्यावर कपडे बदलणं, कूस वळवणं, उचलून बसवणं शिकायच्या. बाहुलीचं नावच पडलं ‘मिसेस चेस’. सीपीआर शिकवायची प्रसिद्ध ‘ॲन’ही खेळण्यांच्या कारखान्यातूनच आलेली. नॉर्वेत स्टाव्हांगरला खेळणी बनवणाऱ्या ऑसमुंड लेर्डाल यांनी ती 1960 मध्ये आणली. वैमानिकांसाठीचा पहिला गाजलेला सिम्युलेटर एडविन लिंक यांनी 1929 च्या सुमारास बनवला, तो वडिलांच्या पियानो-ऑर्गनच्या कारखान्यातले भाते वापरून. आम्हा इंजिनिअर लोकांना उगाच वाटतं की सिम्युलेशन म्हणजे आमचीच मिरासदारी. श्रेय सगळं बाहुलीवाल्यांचं आणि पेटीवाल्यांचं! आपल्याकडे संत्र्यात पाणी टोचून इंजेक्शन शिकलेल्या सिस्टर गावोगाव सापडतील. तेही सिम्युलेशनच की.

आजची महागडी डमी श्वास घेते. डोळ्यांत टॉर्च मारला की बाहुली लहान होते. तिला घाम येतो, ओठ निळे पडतात. काचेपलीकडच्या खोलीत बसलेला माणूस लॅपटॉपवरून तिचं बी.पी. पाडतो आणि माइकवरून तिच्या वतीने कण्हतो. मला अर्थातच आधी त्या लॅपटॉपमध्ये रस वाटला. तो बघायची संधी मिळाली ती ताईंमुळेच. एका विद्यापीठाच्या नर्सिंग विभागाला स्वयंसेवक पेशंट हवे होते, त्यांनी माझं नाव सुचवलं.

मला एक पानभर भूमिका दिली. अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन एक दिवस झालाय, पोट दुखतंय, थोडी चिडचिड होतेय. आणि ठळक अक्षरात सूचना: तुम्हाला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे, पण विचारल्याशिवाय सांगायचं नाही. चार्टवरचा ॲलर्जीचा रकाना मुद्दाम कोरा ठेवलेला. समोर आली ती दुसऱ्या वर्षाची, विशीतली एक मुलगी. बोलायला इतकी गोड, की माझं पोट खरंच दुखायला लागलं असतं तर मी तिलाच बोलावलं असतं. नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, पट्टी बघितली. ॲलर्जी विचारली नाही. ट्रेमध्ये अमॉक्सिसिलिनची कॅप्सूल. मी कण्हत होते, तसतशी ती घाई करत होती. औषधाचं इवलंसं भांडं माझ्या हातात दिलं, मी ते तोंडाशी नेलं, आणि ती एकदम म्हणाली, थांबा! मग तिने तो प्रश्न विचारला.

हा सगळा खेळ बारा मिनिटांचा. त्यानंतरची चर्चा अर्ध्या तासाहून जास्त चालली. याला ‘डीब्रीफिंग’ म्हणतात आणि माझ्या मते सगळं शिक्षण तिथेच होतं. शिकवणाऱ्या बाईंनी ‘तू ॲलर्जी का विचारली नाहीस’ असं विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, पेशंट कण्हायला लागली तेव्हा तुझ्या मनात काय चाललं होतं? ती म्हणाली, हिचं दुखणं लवकर थांबवावं एवढंच. म्हणजे चूक निष्काळजीपणातून होत नव्हती, कणवेतून होत होती! मग गोलात बसलेल्या बाकीच्या मुलींनीही आपापले प्रसंग सांगितले. मला विचारलं, पेशंट म्हणून तुम्हाला काय वाटलं. मी म्हटलं, हिची घाई मला कळत होती आणि मला वाटत होतं की माझ्यामुळे हिला उशीर होतोय. सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. माझं कुठलंही वाक्य कुणी इतक्या गांभीर्याने लिहून घेतल्याचं मला आठवत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये सर्व्हर कोसळला की चांगल्या कंपन्यांमध्ये अशीच एक बैठक होते. तिचा नियम असा, की कुणाचं चुकलं हे विचारायचं नाही, त्या वेळी त्या माणसाला काय दिसत होतं आणि काय दिसत नव्हतं ते विचारायचं. शिवाय आम्हाला एक सोय असते. नवीन कोड आधी वेगळ्या सर्व्हरवर चालवून बघता येतो, तिथे काहीही मोडलं तरी ग्राहकाला कळत नाही. नर्सिंगमध्ये पिढ्यान् पिढ्या ही सोय नव्हतीच. पहिलं इंजेक्शन कुणाला तरी खरंच टोचलं जायचं, आणि तो ‘कुणीतरी’ बहुतेक करून सरकारी हॉस्पिटलातला गरीब पेशंट असायचा. हे आपण फारसं बोलून दाखवत नाही.

पण या सगळ्यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते ताईंच्या हॉस्पिटलातल्या तयारीच्या वर्गात घडलं.

तिथे डमीची तब्येत हळूहळू बिघडवत नेली होती. इथे प्रत्येक पेशंटचा ‘न्यूज’ स्कोअर काढतात. श्वास, ऑक्सिजन, बी.पी., नाडी, शुद्ध, ताप यांचे गुण मिळवायचे, बेरीज 7 किंवा जास्त झाली की तातडीने डॉक्टर. ताईंना पहिल्या दोन मिनिटांतच कळलं की इन्फेक्शन रक्तात पसरतंय. स्कोअर काढला, फोन लावला. पलीकडून शिक्षकांपैकीच एकजण डॉक्टर झाला होता, मुद्दाम तुसडा. म्हणाला, मी कामात आहे, पॅरासिटामॉल द्या, नंतर बघतो. आणि चौदा वर्षं आयसीयू केलेल्या आमच्या ताई म्हणाल्या, ‘ओके डॉक्टर’. फोन ठेवला. काचेपलीकडच्या माणसाने डमीचं बी.पी. आणखी पाडलं.

चर्चेत त्या बराच वेळ गप्प होत्या म्हणे. आम्हाला सांगताना म्हणाल्या, मला सगळं कळत होतं, पण डॉक्टर नाही म्हणाले की पुढचं वाक्य काय असतं, ते आम्हाला कधी कुणी शिकवलंच नाही.

पुढचं वाक्य न सापडल्याने काय होतं याचं एक उदाहरण ब्रिटनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या बहुतेकांना माहीत असतं. 2005 च्या मार्चमध्ये एलेन ब्रॉमिली ही 37 वर्षांची, दोन लहान मुलांची आई सायनसच्या साध्या ऑपरेशनसाठी दाखल झाली. भूल दिल्यावर तिचा श्वासमार्ग बंद झाला. तीन अनुभवी डॉक्टर नळी घालायचा प्रयत्न करत राहिले. एका नर्सने गळ्याला छेद देऊन श्वास चालू करण्याचं सामान आणून ठेवलं, तसं सांगितलंही. दुसरीने आयसीयूत बेड मिळतोय का ते विचारलं. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून तिला वाटलं की आपण उगाच बाऊ करतोय, आणि तिने तो बेड रद्द केला. एलेन 13 दिवसांनी गेली. काय करायला हवं ते आम्हाला कळत होतं, पण ते कसं बोलावं हे कळलं नाही, अशी साक्ष नंतर नर्सेसनी दिली.

एलेनचे पती मार्टिन हे वैमानिक. विमान अपघातानंतर चौकशी होते तशी हॉस्पिटलात आपोआप होत नाही याचंच त्यांना आश्चर्य वाटलं. कुणाला शिक्षा व्हावी यापेक्षा यातून शिकलं जावं, असं म्हणत त्यांनी 2007 मध्ये क्लिनिकल ह्यूमन फॅक्टर्स ग्रुप ही संस्था काढली. त्या घटनेवरची छोटी फिल्म आज प्रशिक्षणात दाखवतात. ताईंच्या वर्गातही दाखवली.

‘पुढचं वाक्य’ आता ठरवून शिकवतात. अमेरिकेत तयार झालेल्या एका पद्धतीत तीन पायऱ्या आहेत. आधी ‘मला काळजी वाटतेय’. ऐकलं नाही तर ‘मला हे ठीक वाटत नाही’. तरीही नाही तर ‘हे पेशंटच्या जिवाला धोक्याचं आहे’. फोनवर माहिती सांगायचाही क्रम ठरलेला: आत्ता काय झालंय, मागची हकिगत काय, मला काय वाटतं, आणि तुम्ही काय करावं अशी माझी अपेक्षा आहे. हा क्रम मुळात अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांवरून आला. शेवटची ओळ आपल्या मुलींना सगळ्यात जड जाते. डॉक्टरांकडून ‘अपेक्षा’? आपल्याकडे ‘सर’ म्हटल्यावर वाक्य तिथेच संपतं.

आपल्या नर्सेस गप्प बसतात असं मात्र समजू नका. त्या आडवाटेने बोलतात. ताईंनी भारतात असताना एकदा औषधाचा डोस दहापट लिहिलेला बघितला. सरळ सांगितलं असतं तर राउंडमध्ये सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली असती. त्या म्हणाल्या, ‘सर, इथे पाणी सांडलं, अक्षर पुसट झालंय, परत लिहून देता का?’ सरांनी परत लिहिलं, बरोबर लिहिलं, पेशंट वाचला. ऐकून आम्ही हसलो. पण विचार करा, त्या दिवशी सरांनी न बघता तोच आकडा पुन्हा लिहिला असता तर?

ही भीड पुस्तकातून जात नाही आणि खऱ्या वॉर्डात सराव करावा इतका वेळ तिथे नसतो. दहा वेळा तुसड्या डॉक्टरला फोन करून बघायचा, अडखळायचं, पुन्हा करायचं, हे डमीच्याच खोलीत जमतं. ताईंनी तो प्रसंग तीनदा केला. तिसऱ्यांदा त्या फोनवर म्हणाल्या, तुम्ही पाच मिनिटांत आला नाहीत तर मी इमर्जन्सी टीमला बोलावतेय. फोनवरच्या शिक्षकाला हसू आवरेना.

मग सगळंच शिक्षण डमीवर द्यायचं का? अमेरिकेत नर्सिंग मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने यावर मोठा अभ्यास केला, तो 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. 10 नर्सिंग कॉलेजं, शेवटपर्यंत टिकलेल्या 666 विद्यार्थी. एका गटाला नेहमीसारखा वॉर्ड, दुसऱ्याचा 25 टक्के आणि तिसऱ्याचा 50 टक्के वेळ सिम्युलेशनमध्ये. लायसन्सच्या परीक्षेचा निकाल आणि नोकरीतल्या पहिल्या सहा महिन्यांतलं वरिष्ठांचं मत, दोन्हींत लक्षणीय फरक दिसला नाही. ब्रिटनमध्ये नर्सिंगच्या पदवीला 4,600 तास लागतात, त्यातले निम्मे प्रत्यक्ष सरावाचे. या 2,300 पैकी 600 तासांपर्यंत सिम्युलेशन चालेल, असं एनएमसीने 2023 मध्ये ठरवलं. इथे वॉर्डात विद्यार्थ्यांना जागा मिळणं अवघड झालंय, हेही त्यामागचं एक कारण आहेच. त्यामुळे मला थोडी शंकाही वाटते. डमीला वास येत नाही. ती रात्री तीन वाजता सलाईन उपटून घरी जायला निघत नाही. आणि आपल्याकडच्या सिम्युलेशनला तर खाटेभोवती दोन मावश्या, एक मामा आणि ‘मी कोण माहितीये का’ विचारणारे गावचे पुढारी बसवल्याशिवाय ते खरं वाटणार नाही.

अमेरिकेतल्या त्या अभ्यासाच्या अटीही लक्षात घ्यायला हव्यात: शिकवणारे प्रशिक्षित हवेत, प्रसंग नीट बांधलेला हवा आणि डीब्रीफिंग हवंच. भारतात इंडियन नर्सिंग कौन्सिलने 2021 च्या बी.एस्सी. अभ्यासक्रमात स्किल लॅब आणि सिम्युलेशन घातलंय, गुरुग्रामला राष्ट्रीय केंद्रही आहे. कागदावर चांगलंच आहे. पण ओळखीतल्या मुली सांगतात, की त्यांच्या कॉलेजात डमी होती, इन्स्पेक्शनच्या दिवशी तिच्यावरचं प्लास्टिक काढायचे आणि दुसऱ्या दिवशी परत घालायचे. हात लावला आणि बिघडली तर भरून कोण देणार? खरं तर महागड्या डमीवाचून अडत नाही. नवजात बाळाला श्वास द्यायला शिकवण्यासाठी ‘निओनॅटली’ नावाचं एक साधं फुगवायचं बाळ मिळतं. त्यात दोन लिटर कोमट पाणी भरलं की हातात खऱ्या बाळासारखं जड लागतं. न रडणाऱ्या बाळासाठी पहिलं एक मिनिट मोलाचं, ते याच्यावर घटवून घेतात. त्याला ना लॅपटॉप लागतो ना वीज. लागतात त्या शिकवायला बसलेल्या एक अनुभवी सिस्टर, आणि नंतरचा अर्धा तास.

मिरजेच्या ताई पास झाल्या, पहिल्याच झटक्यात. सध्या त्यांच्या वॉर्डात केरळच्या दोन नव्या मुली आल्यात, त्यांना फोनवर तुसडं बोलायचं काम ताई हौसेने करतात.

तुमच्या घरातलं कुणी या परीक्षेला बसणार असेल, तर सोफ्यावर आडवे व्हा. विचारल्याशिवाय काही सांगू नका, ॲलर्जी तर नाहीच. मधूनमधून कुरकुर करा, चुकीची जन्मतारीख सांगून बघा. आणि मोठ्या आवाजाच्या एखाद्या काकांना पलीकडच्या खोलीत डॉक्टर करून बसवा, दोनदा तरी ‘नंतर बघू’ म्हणायला लावा. तिसऱ्या वेळी सिस्टरनी फोन ठेवला नाही, की मग चहा टाका.